घरच्या स्टुडिओला साऊंड कार्ड कोणतं?

घरी गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं की संगणक बहुतेक वेळा घरात असतोच. पहिली खरी खरेदी असते साऊंड कार्डाची, आणि माणूस तिथेच अडतो. सगळ्या डब्या दिसायला सारख्या, जवळपास प्रत्येकीवर ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झ’ छापलेलं, आणि किंमत मात्र दीड हजारापासून लाखापर्यंत. गायक असो, ऑक्टापॅड वाजवणारा असो, घरून ऑडिओबुक वाचणारा निवेदक असो की कीर्तन यूट्यूबवर टाकणारं भजनी मंडळ, सगळ्यांना सल्ला एकच मिळतो: ‘अमुक घे, सगळे तेच घेतात.’ या चौघांच्या गरजा एकमेकांशी जुळत नाहीत, हे सल्ला देणारा लक्षातच घेत नाही.

माझं मत सुरुवातीलाच मांडतो. आवाजाच्या शुद्धतेचा प्रश्न मध्यम किमतीच्या कार्डांनी आता जवळजवळ सोडवला आहे. तिथे फरक शोधत बसण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो ड्रायव्हर कसा लिहिलाय यात, एकाच वेळी किती माइक लावता येतात यात, आणि तुमच्या माइकला पुरेल इतका गेन आहे का यात. या तीन गोष्टी डबीवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या नसतात, म्हणून त्या शोधाव्या लागतात.

साऊंड कार्ड ही मुळात संगणकावरच्या खेळांसाठी आलेली वस्तू. १९८७ साली कॅनडातल्या अ‍ॅडलिब कंपनीचं कार्ड आलं. त्यावरची यामाहाची चिप सूर निर्माण करी, पण बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय त्यात नव्हती. १९८९मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साऊंड ब्लास्टर आणलं. त्यात ८ बिटांचं मोनो रेकॉर्डिंग होतं. १९९२च्या साऊंड ब्लास्टर १६मुळे सीडीच्या मापाचं, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झचं स्टीरिओ रेकॉर्डिंग घरच्या संगणकावर शक्य झालं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जुळवणाऱ्या पिढीला हे नाव चांगलंच आठवत असेल.

संगीताच्या कामाला मात्र ही कार्डं अर्धवटच होती. कॅबिनेटच्या आत, पॉवर सप्लाय आणि डिस्कच्या शेजारी बसलेल्या कार्डात त्यांची विद्युत खरखर शिरायची. १९९८चं गाजलेलं साऊंड ब्लास्टर लाइव्हसुद्धा आतून ४८ किलोहर्ट्‌झलाच चालायचं. ४४.१चं काम त्यातून जाताना दर वेळी रूपांतरित व्हायचं. २००० सालाच्या आसपास आलेलं एम-ऑडिओचं ऑडिओफाइल २४९६ हे पीसीआय कार्ड घरगुती स्टुडिओंचं लाडकं झालं, ते स्वच्छ आवाज आणि भरवशाचा ड्रायव्हर यांमुळे. पण त्याला माइक थेट लावता येत नसे. आरसीएच्या पिना होत्या, त्यामुळे मध्ये मिक्सर लागायचाच. प्रो टूल्स या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरची गोष्ट तर आणखी वेगळी. २०१०च्या नोव्हेंबरमध्ये नववी आवृत्ती येईपर्यंत ते सॉफ्टवेअर त्याच कंपनीच्या किंवा तिच्या भावकीतल्या हार्डवेअरशिवाय उघडायचंच नाही. आज ते बंधन उरलेलं नाही. कोणतंही कार्ड घ्या, रीपर, क्यूबेस, एबलटन किंवा प्रो टूल्स त्यावर चालतं.

आता कार्ड म्हणजे यूएसबीने जोडायची डबी. स्टुडिओवाले तिला ‘इंटरफेस’ म्हणतात, बाकी सगळे अजून साऊंड कार्डच. ती संगणकाच्या बाहेर असते, तिच्यात माइकचे प्रीअँप असतात, कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर असते, हेडफोनचं सॉकेट असतं. मदरबोर्डवरच्या रीअलटेकच्या चिपशी तिची तुलना करू नये. ती चिप ऐकायला उत्तम आहे, एडिटिंगपुरतीही चालते. पण तिच्या गुलाबी सॉकेटातून मिळणारे दोन-तीन व्होल्ट कंडेन्सर माइकला चालत नाहीत, आणि त्या सॉकेटात एक्सएलआर माइक चांगला वाजणं शक्य नाही.

मोबाइलवरून लाइव्ह करणाऱ्यांमध्ये ‘व्ही ८’ नावाची एक डबी फार खपते. टाळ्यांचा आवाज, एको, आवाज जाड-बारीक करायची बटणं असलेली. सोबत अनेकदा बीएम ८०० नावाचा माइक असतो. फेसबुकवर दोन गाणी म्हणायला ती ठीक आहे. स्टुडिओसाठी मात्र घेऊ नका. तिच्यातल्या आवाजाला सतत एक बारीक सळसळ असते. अशी सळसळ एका ट्रॅकमध्ये खपून जाते, पण आठ ट्रॅक एकावर एक चढले की गाण्याच्या सगळ्या शांत जागा ती व्यापून टाकते.

बिट आणि किलोहर्ट्‌झचा विषय थोडक्यात संपवतो, कारण त्यावर खर्च होणारी चर्चा त्याच्या महत्त्वापेक्षा फार जास्त आहे. ४४.१ किलोहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला ४४,१०० मोजमापं. त्यातून साधारण २० किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज पूर्ण पकडता येतो आणि माणसाचा कान त्याच्या वर जात नाही. व्हिडिओसाठी ४८ हे माप रूढ आहे. आज बहुतेक गाणी व्हिडिओसोबतच जातात, म्हणून सरळ ४८वर काम करावं. १९२वर रेकॉर्ड केलं तर फाइल चौपट होते: २४ बिटांचा एक मोनो ट्रॅक ४८ला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी घेतो, १९२ला साडेचौतीस. ऐकताना पदरात काहीच पडत नाही.

२४ बिट मात्र नक्की हवेत. १६ बिटांत तात्त्विक आवाका ९६ डेसिबलच्या आसपास असतो. २४ बिटांची बरी कार्डं प्रत्यक्षात ११० ते १२० डेसिबल देतात. त्याचा उपयोग असा की, रेकॉर्डिंगची पातळी वर काठापर्यंत नेण्याची गरज उरत नाही. शिखरं उणे १२च्या खाली ठेवली तरी काहीही हरवत नाही, आणि गायकाने अचानक तार षड्‌जावर जोर दिला तरी आवाज फाटत नाही. यापुढे जाऊन ११२ की १२० डेसिबल असा वाद घालणाऱ्यांनी एकदा आपल्या खोलीकडे कान द्यावा. शहरातल्या घरात पंखा बंद करून, खिडक्या लावूनही तीस-चाळीस डेसिबलचा आवाज असतोच. कार्ड त्याच्या कितीतरी खाली शांत असतं. आकडा सुधारायचा असेल तर खोलीचा सुधारावा.

खरा विषय लेटन्सीचा. गायक माइकमध्ये गातो, तो आवाज संगणकात जातो, त्यावर थोडा रिव्हर्ब बसतो आणि हेडफोनमध्ये परत येतो. या फेरीला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. संगणक आवाज थेंबाथेंबाने हाताळत नाही, ठरावीक मापाचे घास करून हाताळतो. त्या मापाला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्‌झला २५६चा बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद. जाताना एक, येताना एक, म्हणजे १०.७. त्यात डिजिटल रूपांतराचा वेळ आणि ड्रायव्हरने स्वतःसाठी राखलेला बफर मिळवला की पंधराच्या आसपास जातो. १०२४चा बफर ठेवला तर नुसत्या बफरचेच ४३ होतात.

आवाज हवेतून मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंद उशीर हा साथीदार साडेतीन मीटरवर बसल्यासारखा आहे. मैफलीत तेवढ्या अंतराची सवय सगळ्यांना असते. तबल्याचं गणित मात्र करून बघावं. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. तिच्यात चार बोल बसवले तर प्रत्येक बोलाला मिळतात साडेबासष्ट. तिथे हेडफोनमधला आवाज २० मिलिसेकंद मागे असेल तर बोलाचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. हात चांगला असलेला वादकही अशा वेळी नकळत पुढे ओढायला लागतो, किंवा मागे रेलतो, आणि ‘आज लय बसत नाही’ म्हणून स्वतःलाच दोष देतो. हे मी चांगल्या वादकांच्या बाबतीत पाहिलं आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. लय त्या माणसाची बिघडलेली नव्हतीच.

गायकाची अडचण आणखी नाजूक. स्वतःचा आवाज त्याला हाडांमधून तत्क्षणी ऐकू येतो. तोच आवाज हेडफोनमधून तीन-चार मिलिसेकंदांनी आला की दोन्ही मिसळून आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो. त्यात सूर तपासणं कठीण होतं. म्हणून स्टुडिओत गायक हेडफोनचा एक कप कानावरून सरकवून ठेवतात. यावर कार्डातच उपाय असतो तो डायरेक्ट मॉनिटरिंगचा: माइकचा आवाज संगणकाची फेरी न मारता थेट हेडफोनमध्ये, आणि संगणकातून फक्त तानपुरा आणि ठेका. ही सोय जवळजवळ सगळ्या इंटरफेसमध्ये असते. पाहायचं ते इतकंच की, दोन्हींचं प्रमाण बदलायला बटण आहे की फिरवायची मूठ. मूठ असेल तर गायकाला हवा तितका स्वतःचा आवाज देता येतो. ज्यांना फक्त गायचं आणि माइकसमोर वाजवायचं आहे त्यांचा लेटन्सीचा प्रश्न इथेच मिटतो.

मिटत नाही तो कीबोर्डवरून संगणकातली वाद्यं वाजवणाऱ्यांचा. बासरीचा, सरोदचा, पियानोचा आवाज संगणकच तयार करत असतो, त्यामुळे डायरेक्ट मॉनिटरिंगचा तिथे काही उपयोग नाही. इथे लागतो चांगला ड्रायव्हर. विंडोजवर त्यासाठी एएसआयओ ही पद्धत आहे. क्यूबेसवाल्या स्टाइनबर्ग कंपनीने ती १९९७मध्ये आणली आणि अजून तीच चालते. २०१७पासून विंडोज १०मध्ये यूएसबी ऑडिओचा नवा ड्रायव्हर अंगभूत आला. त्यामुळे बरीच कार्डं काहीही न टाकता वाजायला लागतात आणि लोकांना वाटतं काम झालं. वाजणं वेगळं, कमी बफरवर न तडतडता वाजणं वेगळं. कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असलेलंच कार्ड घ्यावं. एएसआयओ४ऑल हा फुकट मिळणारा ड्रायव्हर अडीअडचणीला उपयोगी आहे, पण नवीन वस्तू विकत घेताना ती त्याच्या भरवशावर घेऊ नये. बेहरिंगरचं यूएमसी२२ हे स्वस्त कार्ड १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झवर थांबतं आणि त्याला धड स्वतःचा ड्रायव्हर नाही; थोडे पैसे वाढवून त्याच कंपनीचं यूएमसी२०२एचडी घेतलं तर दोन्ही मिळतं. मॅकवर कोअर ऑडिओ असल्यामुळे ही कटकट बरीच कमी आहे. तिथे साधं कार्डही शहाण्यासारखं वागतं.

कंपनी छापते त्या लेटन्सीवर विसंबू नये, ती घरी मोजता येते आणि प्रत्येकाने एकदा मोजावी. कार्डाच्या एका आउटपुटमधून केबल काढून त्याच कार्डाच्या लाइन इनपुटला लावायची. सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकवर ‘टक्’ असा एकच ठोका ठेवायचा, तो वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करायचा. उशिराची आपोआप भरपाई करणारी सोय आधी बंद करायची. मग दोन्ही ठोके मोठे करून बघायचे आणि त्यांच्यातलं अंतर सॅम्पलमध्ये मोजायचं. ४८ किलोहर्ट्‌झला ४८० सॅम्पलचं अंतर म्हणजे दहा मिलिसेकंद. बफर १२८ करा, पुन्हा मोजा. ६४ करा, पुन्हा मोजा, आणि सोबत आठ-दहा ट्रॅक चालू ठेवा. ज्या बफरला आवाज तडतडायला लागतो त्याच्या आदल्या बफरचा आकडा हीच तुमच्या कार्डाची आणि संगणकाची खरी लायकी. तडतड फार लवकर सुरू झाली तर कार्डाला नावं ठेवण्याआधी वायफाय बंद करून, लॅपटॉप पूर्ण क्षमतेच्या पॉवर सेटिंगला ठेवून बघा. अनेकदा दोष तिथे असतो.

जर्मनीच्या आरएमई कंपनीची कार्डं महाग का, याचं उत्तर इथे मिळतं. बेबीफेस प्रोसारखं कार्ड लाखाच्या घरात जातं, त्यातला मोठा हिस्सा ड्रायव्हरचा आहे. ही कंपनी ड्रायव्हर स्वतः लिहिते आणि जुन्या कार्डांसाठी वर्षानुवर्षं नवे देत राहते. ज्यांचं पोट या कामावर आहे त्यांनी हा खर्च जरूर करावा. हौसेला त्याची गरज नाही.

आता गेन. माइकचा सिग्नल फार क्षीण असतो, प्रीअँप तो वाढवतो. कंडेन्सर माइक स्वतः बराच सिग्नल देतो, त्याला कुठलंही बरं कार्ड पुरतं. डायनॅमिक माइकचं तसं नाही. पॉडकास्टमुळे गाजलेला शुअरचा एसएम७बी घ्या: शांतपणे बोलणाऱ्याला त्यावर ६० डेसिबल गेन लागतो. फोकसराइटच्या स्कारलेट २आय२च्या तिसऱ्या पिढीत कमाल गेन ५६ डेसिबल होता, २०२३च्या चौथ्या पिढीत तो ६९ झाला. नाव तेच, खोका जवळपास तसाच, पण या माइकसाठी दोन वेगळी कार्डं आहेत. त्यामुळे जुनं विकत घेताना पिढी विचारून घ्यावी. ज्यांच्याकडे आधीच कमी गेनचं कार्ड आहे त्यांना माइक आणि कार्ड यांच्यामध्ये लावायची छोटी बूस्टरची नळी मिळते. ती फॅन्टम पॉवरवर चालते आणि वीस-पंचवीस डेसिबल वाढवते.

आपल्या वाद्यांचा विचार केला तर अडचण बऱ्याचदा उलट असते. टाळ, झांज, पखवाजाची उघडी थाप जवळच्या कंडेन्सर माइकवर इतकी जोरात येते की गेन शून्यावर नेऊनही लाल दिवा लागतो. अशा वेळी माइक लांब न्यावा, किंवा ‘पॅड’ म्हणजे सिग्नल मुद्दाम कमी करणारं बटण असलेलं कार्ड अथवा माइक वापरावा. आपोआप गेन ठरवणारी सोय आता स्वस्त कार्डांतही आली आहे. ऑडिएंटच्या ईव्हीओ मालिकेत आणि नव्या स्कारलेटमध्ये ती आहे. ती सुरू करून काही सेकंद जोरात गायचं, कार्ड पातळी लावून घेतं. एकट्याने रेकॉर्ड करणाऱ्याला ही मोठी मदत आहे. मात्र त्या काही सेकंदांत खर्जात आलाप न करता तुमच्या गाण्यातली सगळ्यात जोराची जागा म्हणायची. झूमच्या यूएसी-२३२सारख्या ३२ बिट फ्लोट कार्डात पातळी लावण्याची चिंताच बरीचशी जाते. सोय चांगली आहे, पण तिच्याविना अडत नाही.

गिटार, किंवा पिकअप लावलेलं व्हायोलिन थेट जोडायचं असेल तर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलं बटण दाबायला विसरू नये. साध्या लाइन इनपुटला तो आवाज पातळ आणि निर्जीव येतो.

मराठी घरांत सगळ्यात जास्त फसगत होते ती इनपुट मोजताना. नावातला आकडा माइकचा नसतो. स्कारलेट ४आय४ला चार इनपुट आहेत, पण माइकचे प्रीअँप दोनच. बाकीचे दोन लाइनचे. मोटूच्या एम४चंही तसंच. तिसऱ्या पिढीच्या स्कारलेट १८आय८च्या नावात अठरा आहेत. त्यात माइक चार, लाइन चार, एसपीडीआयएफचे दोन आणि ऑप्टिकल केबलने येणारे एडॅटचे आठ. नाव वाचून अठरा माइकचं स्वप्न बघणाऱ्याला घरी आल्यावर चारच सॉकेटं सापडतात.

म्हणून बैठक डोळ्यांसमोर आणून मोजावं. ख्याल गायन: गायकाला एक, पेटीला एक, तबल्याला एक आणि डग्ग्याला एक. झाले चार. तानपुरा अ‍ॅपमधून किंवा संगणकातूनच वाजवला तर त्याला इनपुट लागत नाही. सगळे एका खोलीत बसून वाजवणार असतील तर चार माइकचं कार्ड हवंच. ऑडिएंटचं ईव्हीओ ८, बेहरिंगरचं यूएमसी४०४एचडी, टॅस्कॅमचं यूएस-४x४एचडी या तिन्हींत चार खरे प्रीअँप आहेत. यांतलं ईव्हीओ ८ मला या कामासाठी जास्त जवळचं वाटतं, कारण आपोआप गेन ठरवण्याच्या सोयीबरोबरच त्याला हेडफोनची दोन सॉकेटं आहेत. गायक आणि तबलावादक दोघांनाही ऐकायचं असतं, हे कार्ड बनवणारे बहुधा विसरतात. एकच सॉकेट असेल तर चार जणांना पुरणारा हेडफोन अँप्लिफायर वेगळा घेता येतो, तोही फार महाग नाही.

ऑक्टापॅड वाजवणाऱ्याचा हिशेब वेगळा. ऑक्टापॅडचं स्टीरिओ आउटपुट दोन इनपुट खातं, कीबोर्डचं स्टीरिओ आणखी दोन. दोन इनपुटांच्या कार्डावर ऑक्टापॅड लावला की गायकाला जागाच राहत नाही. इथे चार माइक लागत नाहीत, दोन माइक आणि दोन लाइन असं कार्ड नेमकं बसतं. म्हणजे जे ४आय४ ख्यालाच्या बैठकीला अपुरं पडतं ते इथे अगदी योग्य. रोलंडचा एसपीडी-२०सारखा जुना पॅड असेल तर त्याला यूएसबी नाही, गोल पाच पिनांचं मिडी आहे. त्याच्या नोट्स संगणकात घ्यायच्या असतील तर कार्डावर मिडीची सॉकेटं आहेत का ते पाहावं.

भजनी मंडळाकडे बहुतेक वेळा मिक्सर आधीच असतो, आणि त्याच्या मागे यूएसबीचं सॉकेट बघून कार्डाची गरज नाही असं वाटतं. स्वस्त मिक्सरचं यूएसबी फक्त दोन चॅनल पाठवतं, म्हणजे सगळा मिश्र आवाज. यामाहाचा एमजी१०एक्सयू हा चांगला मिक्सर आहे, पण त्यातून पखवाज वेगळा, पेटी वेगळी असं संगणकात येत नाही. नंतर पखवाज जास्त झाला असं कळलं तर काही करता येत नाही. प्रत्येक चॅनल वेगळा देणारे मिक्सर असतात, उदाहरणार्थ झूमचा एल-१२. किंवा आठ प्रीअँपचं कार्ड घ्यावं, बेहरिंगर यूएमसी१८२० किंवा स्कारलेट १८आय२०सारखं. टप्प्याटप्प्याने वाढायचं असेल तर एडॅट इनपुट असलेलं छोटं कार्ड हा शहाणपणाचा मार्ग आहे. ऑडिएंटच्या आयडी१४मध्ये दोनच प्रीअँप आहेत, पण उद्या त्याला आठ प्रीअँपची बेहरिंगर एडीए८२०० जोडली की दहा माइक होतात.

जास्त माइक हवेत म्हणून दोन यूएसबी माइक एकाच संगणकाला लावण्याचा मोह टाळावा. प्रत्येक यूएसबी माइकचं स्वतःचं घड्याळ असतं, आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. अर्ध्या तासाच्या रागात सुरुवातीला जुळलेले ट्रॅक शेवटी एकमेकांपासून सरकलेले सापडतात.

कोणत्या केबलने जोडायचं हा प्रश्न आता जवळजवळ संपला आहे. यूएसबी २ची गती ४८० मेगाबिट, आणि घरच्या स्टुडिओला लागतात तेवढे चॅनल ती आरामात वाहून नेते. त्यामुळे यूएसबी ३ किंवा सी सॉकेट दिसलं म्हणून आवाज सुधारेल असं नाही. थंडरबोल्ट वेगवान आहे, पण त्याची गरज मोठ्या कामांना. जुन्या बाजारात फायरवायरची उत्तम कार्डं कवडीमोलाने मिळतात. घेऊ नका, ते सॉकेट नव्या संगणकांवर नाही. पीसीआयचंही तेच.

विजेकडे मात्र लक्ष हवं. यूएसबीवरच चालणारं कार्ड ४८ व्होल्टही त्यातूनच तयार करतं. ते संगणकाच्या सॉकेटात थेट लावावं. साध्या हबमधून लावलं तर आवाज मध्येच तुटू शकतो. हेडफोनमध्ये सतत ‘हूं’ असा घुमणारा ५० हर्ट्‌झचा आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. आवाज गेला तर दोष कार्डात नाही, वीजजोडणीत आहे. कार्ड, स्पीकर आणि लॅपटॉप एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावरून घ्यावेत आणि स्पीकरला बॅलन्स्ड केबल वापरावी. हा ‘हूं’ जावा म्हणून अर्थिंगची जाड पिन काढणारे लोक आहेत. हे जिवावर बेतणारं आहे. गायकाचा ओठ माइकच्या लोखंडी जाळीला लागलेला असतो हे लक्षात ठेवा. जुन्या वाड्यात किंवा चाळीत अर्थिंगच नसेल तर कार्डाआधी वायरमन बोलवा.

हे सगळं लक्षात घेऊन कुणी विचारलं तर माझी शिफारस अशी. एकट्या आवाजाचं काम असलं तरी दोन इनपुटांचंच कार्ड घ्यावं. एक आणि दोनमधला किमतीचा फरक थोडा असतो आणि दुसरं इनपुट लवकरच लागतं. स्कारलेट २आय२ची चौथी पिढी, मोटू एम२ किंवा ईव्हीओ ४, यांतलं जे जवळच्या दुकानात दुरुस्तीच्या हमीसह मिळेल ते. बजेट अगदीच कमी असेल तर यूएमसी२०२एचडी. बैठकीला ईव्हीओ ८. यांपैकी कशातही मुद्रित झालेलं गाणं ऐकून श्रोता कार्ड ओळखू शकणार नाही, हे मी पूर्ण खात्रीने सांगतो. एकूण पैशांतला चौथा हिस्सा कार्डाला पुरे. बाकीचे माइकला, हेडफोनला, आणि खोलीतला घुमारा मारणाऱ्या जाड पडद्यांना आणि गाद्यांना.

कार्ड घेताना बिल आणि परत करण्याची मुदत मागा, आणि त्या मुदतीतच वर सांगितलेली लेटन्सीची आणि गेनची चाचणी करून टाका. जुनं घेत असाल तर कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या विंडोजसाठी किंवा मॅकसाठी ड्रायव्हर आहे का ते आधी बघा. ड्रायव्हर नसलेलं कार्ड फुकट मिळालं तरी निरुपयोगी.

आणि एक विनंती. तुमच्या घरात किंवा गावात उतारवयातला पखवाजी असेल, जुन्या चाली पाठ असलेली आजी असेल, तर योग्य कार्ड येईपर्यंत थांबू नका. आहे त्या कार्डावर, २४ बिट ४८ किलोहर्ट्‌झला, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये आत्ताच ध्वनिमुद्रण करा. फाइलच्या नावात गाणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा, आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.